एसीएलएस झालं, एटीएलएस झालं, आता अँब्युलन्सवर जाणाऱ्या डॉक्टरांना अजून काय शिकवायचं?

वर्धा रोडवरच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सी सांभाळणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. हॉस्पिटलने दोन कार्डिॲक अँब्युलन्स घेतल्यात, मॅनेजमेंट म्हणते महिन्याभरात चार मेडिकल ऑफिसर प्री-हॉस्पिटलसाठी, म्हणजे पेशंट हॉस्पिटलात पोचायच्या आधीच्या कामासाठी, तयार करून द्या. चौघंही एमबीबीएस, एसीएलएस (हार्टच्या इमर्जन्सीचा कोर्स) आणि एटीएलएस (ट्रॉमाचा, म्हणजे अपघाती जखमांचा कोर्स) या दोन्हींची कार्डं खिशात. आता अजून कोणता कोर्स करवू आणि मॅनेजमेंटकडून काय मागून घेऊ, असं विचारलंय.

डॉक्टर, कोर्सचं नाव सांगून मोकळा झालो असतो, पण त्याने तुमचं भागणार नाही. मी बरीच वर्षं नागपुरात इमर्जन्सीत आहे, अँब्युलन्सवरच्या डॉक्टरांना आणि ईएमटींना (गाडीवरचे ट्रेनिंग घेतलेले टेक्निशियन) शिकवतो, आणि मला तुमचा खरा प्रश्न वेगळाच दिसून राहिला. हे चौघं गाडीत बसून नेमकं असं काय करणार आहेत जे एक चांगला ईएमटी करू शकत नाही? याचं उत्तर ठरलेलं नसेल तर कोणताही कोर्स करवा, पोरगं मागे बसून सलाईनची बाटली धरून येईल आणि तुम्ही त्याला एमबीबीएसचा पगार द्याल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डॉक्टरला आधी गाडीतला ज्युनिअर बनवा, मग फोनवरचा सीनिअर बनवा. हातचं कौशल्य, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाकणं (इंट्युबेशन), मोठ्या शिरेत सेंट्रल लाईन वगैरे, हे यादीत बरंच खाली येतं, आणि नेमकं तेच शिकायची सगळ्यांना घाई असते.

आता यात बरंच काही तुमच्या कामाच्या प्रकारावर आहे, ते नाकारत नाही. प्रायव्हेट हॉस्पिटलची गाडी नागपुरात ॲक्सिडेंटच्या जागी फार कमी जाते, तिथे लोक १०८ लावतात किंवा मिळेल त्या ऑटोत घालून आणतात. तुमची गाडी जाणार ती मुख्यतः ट्रान्सफरला. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, आणि तिकडून मध्य प्रदेशातलं छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, सगळा लोड नागपूरवर येतो हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे तुमच्या डॉक्टरचा पेशंट रस्त्यावर पडलेला नसेल, तो कुठल्यातरी छोट्या आयसीयूत दोन दिवसांपासून व्हेंटिलेटरवर असेल आणि त्याला तीन तासांचा रस्ता पार करायचा असेल. हे काम पूर्ण वेगळं आहे. महिनाभर पोरांकडून ट्रॉमाचे ड्रिल करून घेतले आणि पहिलाच कॉल आला सेप्सिसचा (अंगभर भिनलेलं इन्फेक्शन), शिरेतून मोजून औषध सोडणारे तीन इन्फ्युजन पंप लावलेला, तर कोर्सचे पैसे पाण्यात.

थोडं मागचं सांगतो कारण त्याशिवाय आपल्याकडचा घोळ कळत नाही. अमेरिकेत गाडीवर पॅरामेडिक असतो आणि डॉक्टर बाहेरून प्रोटोकॉल, फोन आणि ऑडिट सांभाळतो. ते काम इतकं स्वतंत्र मानतात की २०१० मध्ये तिथे ईएमएस, म्हणजे अँब्युलन्सवरची इमर्जन्सी सेवा, ही डॉक्टरांची अधिकृत सबस्पेशालिटी झाली, तिची पहिली परीक्षा २०१३ ला झाली. फ्रान्समध्ये उलटं, तिथल्या सामू सिस्टीममध्ये गंभीर पेशंटकडे डॉक्टरच गाडीतून जातो. आपल्या महाराष्ट्रात २०१४ ला १०८ सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक, आणि गाडीवर डॉक्टर ठेवायचं ठरलं, बाकी बऱ्याच राज्यांत १०८ वर ईएमटी असतो. म्हणजे रस्ता आपण धरला फ्रान्सचा आणि शिकवतो अमेरिकेची पुस्तकं, ज्यात गृहीतच असतं की डॉक्टर गाडीत नाही. मग गाडीत बसलेल्या डॉक्टरने काय करायचं हे त्या पुस्तकात सापडत नाही यात नवल ते काय. आणि हो, १०८ वर बरेच डॉक्टर बीएएमएस असतात म्हणून तुमच्या पोरांनी नाक मुरडू नये, गाडीत पाच वर्षं काढलेला बीएएमएस डॉक्टर पहिल्या दिवशीच्या कोणत्याही एमबीबीएसला दहा गोष्टी शिकवून जाईल.

एटीएलएसचंही तसंच. १९७६ मध्ये नेब्रास्कात एका ऑर्थोपेडिक सर्जनचं स्वतःचं विमान पडलं, बायको गेली, मुलं जखमी झाली, आणि जवळच्या छोट्या हॉस्पिटलात जी ट्रीटमेंट मिळाली ती पाहून तो हादरला, त्यातून हा कोर्स उभा राहिला आणि १९७८ मध्ये पहिला बॅच झाला. सुंदर कोर्स आहे. पण तो सुरू होतो तिथून, जिथे पेशंट हॉस्पिटलच्या दारात पोचलेला आहे, वर लाईट आहे, भिंतीत ऑक्सिजन आहे, हाक मारली की सिस्टर येते. दाराच्या अलीकडचं त्यात फारसं नाही.

तर पहिला टप्पा, ज्युनिअर. पहिले दोन आठवडे तुमच्या डॉक्टरला गाडीत तिसरा माणूस म्हणून पाठवा आणि त्याला स्पष्ट सांगा की इथे ईएमटी आणि ड्रायव्हर सांगतील तसं करायचं. रोज सकाळी गाडीची चेकलिस्ट त्याने स्वतः करायची, सही पण त्याचीच. सिलेंडरची चावी कुठे लटकलेली असते, सक्शन बॅटरीवर किती वेळ चालतं, स्ट्रेचरचं लॉक कोणत्या बाजूने निघतं, हे हाताला माहीत पाहिजे. ऐकायला क्षुल्लक वाटतं पण रात्री दोन वाजता कोंढाळीच्या पुढे हायवेच्या कडेला टॉर्च तोंडात धरून चावी शोधायची वेळ येते तेव्हा एमडीची डिग्री कामी येत नाही.

इतवारीतला किंवा महालातला जुना वाडा डोळ्यासमोर आणा. तिसऱ्या मजल्यावर साठीचे काका, छातीत दुखतंय, घाम फुटलाय, बीपी कमी. जिना इतका अरुंद की वळणावर स्ट्रेचर वळतच नाही. डॉक्टरची पहिली प्रतिक्रिया काय असते, तर वरच सगळं करून घेऊ, लाईन लावू, इंजेक्शन देऊ, परत ईसीजी काढू. आणि अनुभवी ड्रायव्हर काय म्हणतो, "साहेब, आधी खुर्ची बोलवा, यायले चालवू नका, अन् गाडीचं तोंड भायेर करून ठेवतो मी." बरोबर तोच असतो. ईसीजी एकदा वर काढायचा, ॲस्पिरिन चावायला द्यायची, आणि काकांना एक पाऊलही चालू न देता खुर्चीवर बसवून खाली आणायचं, डोक्याकडे कोण, पायाकडे कोण, मोजून एक-दोन-तीन कोण म्हणणार हे आधी ठरवून. मी हा प्रकार हॉस्पिटलच्या मागच्या फायर एक्झिटच्या जिन्यावर करवून घेतो, वजनाला एक धडधाकट इंटर्न खुर्चीत बसवतो. दोन मजले उतरवले की डॉक्टरला कळतं की पेशंट हलवणं ही सुद्धा एक प्रोसिजर आहे आणि तिचेही कॉम्प्लिकेशन असतात.

आणि चालत्या गाडीत मागे बसायची सवय. हसू नका, आडव्या सीटवर बसून मॉनिटरकडे बघत बुटीबोरीपर्यंत गेलं की निम्म्या डॉक्टरांना मळमळतं, काहींना उलटी होते. आधीच होऊ द्या, पेशंट नसताना. मागे बसलेल्याने बेल्ट लावायचा हा नियम पहिल्या दिवसापासून, कारण आपल्याकडे मागे कोणीच लावत नाही आणि ब्रेक लागला की पेशंटच्या आधी डॉक्टर उडतो.

त्या डब्यात हॉस्पिटलातल्या अर्ध्या गोष्टी चालत नाहीत हे शिकवायला लेक्चर कमी पडतं, रिंग रोडला एक चक्कर मारा. सायरन चालू असताना स्टेथोस्कोपने श्वास ऐकून दाखव म्हणा. नाही ऐकू येत. मग ट्यूब जागेवर आहे की नाही हे कशावरून ठरवणार? म्हणून कॅप्नोग्राफी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड मोजणं, तिच्याशिवाय गाडीत इंट्युबेशन करायचंच नाही हा माझा नियम आहे आणि यावर मी कोणाशी वाद घालत नाही. बीपीचं ऑटोमॅटिक मशीन खड्ड्यात काहीही आकडे दाखवतं, पल्स ऑक्सिमीटर हादऱ्याने आणि थंड बोटावर गंडतो, म्हणून नाडीवर हात ठेवायची जुनी सवय परत लावा. शक्य असेल ते सगळं निघायच्या आधी करून घ्यायचं, आणि रस्त्यात ट्यूब टाकायचीच वेळ आली तर गाडी बाजूला घेऊन थांबवायची. चालत्या गाडीत सुई हातात घ्यायची नाही, स्वतःलाच टोचते.

ऑक्सिजनचं गणित तर मी पाठच करून घेतो. भरलेल्या बी टाईप सिलेंडरमध्ये अंदाजे १५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर लावला तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. चंद्रपूर साधारण १५० किलोमीटर, पेशंट घेऊन सांभाळून यायला तीन तास धरा. एक पूर्ण सिलेंडरही पुरत नाही, आणि गेजवर काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तासात खेळ खल्लास, वरोऱ्याच्या आसपास. लागणाऱ्याच्या दुप्पट घेऊन निघायचं, कारण रेल्वे फाटक, पंक्चर, ट्रॅफिक जाम हे सगळं ऑक्सिजन खातं. पंप आणि व्हेंटिलेटर निघायच्या आधी दहा मिनिटं प्लग काढून चालवून बघायचे, बॅटरी फुल दाखवते आणि दोन मिनिटांत मान टाकते असे नग खूप आहेत. आणि आपल्या उन्हाळ्यात बंद उभी गाडी आतून भट्टी होते, सक्सामेथोनियम, रोक्युरोनियम ही ट्यूब टाकताना स्नायू सैल करणारी, फ्रीजमधली औषधं, ती ड्रॉवरमध्ये ठेवून मे महिना काढला तर ऐनवेळी काय काम करणार. छोटा आईसबॉक्स, आणि ड्युटी बदलताना तो भरायची जबाबदारी एकाच माणसाची.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी डॉक्टर लागतो, ती म्हणजे निर्णय. थांबायचं की निघायचं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

ट्रॉमामध्ये बहुतेक वेळा निघायचं. रक्त बाहेर वाहतंय तर दाबून धरा, हातापायाचं असेल आणि थांबत नसेल तर टूर्निके (वरून आवळून बांधायचा पट्टा), वेळ लिहून ठेवा, श्वासाचा मार्ग मोकळा, आणि चला, लाईन रस्त्यात सिग्नलला गाडी थांबली की बघू. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लवकर द्यायला हरकत नाही, २०१० च्या क्रॅश-२ ट्रायलमध्ये २०,००० च्या वर पेशंट होते आणि फायदा तीन तासांच्या आत दिलं तरच दिसला, १ ग्रॅम दहा मिनिटांत. समृद्धी महामार्गावर अजून एक लोचा आहे, तिथे वाटेल तिथून यू-टर्न नाही, पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावंच लागतं, त्यामुळे नकाशावर सगळ्यात जवळ दिसणारं हॉस्पिटल रस्त्याने जवळ असेलच असं नाही. नागपूरच्या टोकाच्या शिवमडक्यापासून पुढचे इंटरचेंज आणि प्रत्येकाच्या बाहेर काय सोय आहे हे तुमच्या डॉक्टरला आणि ड्रायव्हरला तोंडपाठ पाहिजे, आणि कॉल घेणाऱ्याने किलोमीटरचा दगड कोणता आणि कोणत्या बाजूची लेन हे दोन प्रश्न आधी विचारायचे.

कार्डिॲक अरेस्टमध्ये उलटं, थांबायचं. जिथे पडला तिथे, जमिनीवर, मिनिटाला १०० ते १२० कॉम्प्रेशन, पाच-सहा सेंटीमीटर खोल, शॉक देणारा डिफिब्रिलेटर लवकर. चालत्या गाडीत उभं राहून सीपीआर दिल्याने पेशंटला काही मिळत नाही आणि देणारा पडतो. आणि इथे डॉक्टरांना न आवडणारी एक गोष्ट. कॅनडात ओंटारियोमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २००४ ला छापून आला, जिथे डिफिब्रिलेशन लवकर पोचत होतंच तिथे वरून इंट्युबेशन आणि शिरेतली औषधं जोडून पाहिली, तर अरेस्टमधून जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे तुमच्या डॉक्टरने चांगली छाती दाबली आणि हाताने दाबून श्वास द्यायचा बॅग-मास्क नीट धरला तर बरंचसं काम झालं.

उष्माघातात पण थांबायचं. आधी थंड करा, मग हलवा. एप्रिल-मेमध्ये बांधकामावरचा मजूर बरळतोय किंवा बेशुद्ध, अंग तव्यासारखं, आतलं टेंपरेचर ४० च्या वर. कपडे काढा, टँकरचं किंवा हौदाचं पाणी ओता, आणि शेजारच्या दुकानातला कूलर ओढून त्याच्यासमोर लावा. आपली हवा कोरडी, पाणी भरभर उडतं, हा उपाय इथे झकास चालतो. बर्फ मिळाला तर अजून उत्तम. पॅरासिटामॉलची सलाईन लावून एसी गाडीत घालून पळवलं की अर्धा तास वाया गेला, त्या औषधाचा इथे उपयोगच नाही. पण घोळका जमलेला असतो, "डॉक्टर, लवकर न्या ना" म्हणून लोक ओरडत असतात, आणि त्या ओरड्यात दहा मिनिटं थांबून पाणी ओतायचं धाडस डॉक्टरमध्ये लागतं. मी हे ड्रिल करताना मुद्दाम चार वॉर्डबॉयना नातेवाईक बनवून आरडाओरडा करायला लावतो.

मधल्या रस्त्यात थांबायचं असंही असतं. पावसाळ्यात भिवापूर-उमरेडकडून पहाटे फोन येतो, जमिनीवर झोपलेला माणूस, पोट दुखतंय, उलटी, पापण्या जड, चावल्याची खूण दिसत नाही. मण्यार डोक्यात आला पाहिजे. नातेवाईकांना थेट नागपूर हवं असतं. डॉक्टरने म्हणायचं, नाही, आधी रस्त्यातलं ग्रामीण रुग्णालय, तिथे एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) आहे का फोन करून विचारा, असेल तर तिथे सुरू करा, ॲड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवा, आणि मग पुढे. श्वास कमी पडायला लागला तर बॅग-मास्कने देत राहा, तासभर लागला तर तासभर. या पेशंटला जगवणारी गोष्ट फार वेळा ती दाबत राहिलेली बॅगच असते, आणि ट्यूब टाकायला वेळ आणि कॅप्नोग्राफ दोन्ही असेल तर अर्थात टाका.

हार्ट अटॅकचं अंतरावर आहे. शहरातला असेल तर थेट कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी होते), ईसीजी आधीच व्हॉट्सॲपवर. गोंदियाहून येणार असेल तर निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणं अवघड, मग तिथेच थ्रोम्बोलिसिस, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध, करून निघायचं, आणि हे तिथल्या डॉक्टरला फोनवर पटवायचं कामही तुमच्याच माणसाचं.

इथून दुसरा टप्पा सुरू होतो, फोनवरचा सीनिअर. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा. एकीकडे ईएमटी, हातात जुन्या कॉलचा खरा कागद, नाव खोडलेलं. दुसरीकडे डॉक्टर. ईएमटीने पाऊण मिनिटात सांगायचं: वय, वेळ, काय झालं, काय सापडलं, आकडे, काय दिलं. डॉक्टरला फक्त तीन प्रश्न विचारायची परवानगी आणि मग ऑर्डर, डोस मिलिग्रॅममध्ये, आणि ईएमटीने ती परत म्हणून दाखवायची. पहिल्या दिवशी सगळे डॉक्टर दहा-बारा प्रश्न विचारतात, एकाने तर हायवेवर उभ्या ईएमटीला हिमोग्लोबिन किती आहे विचारलं होतं. आठवडाभरात तीन प्रश्नांवर येतात. हाच साचा कॅज्युअल्टीत पेशंट देताना वापरायचा, आणि ते पाऊण मिनिट आतल्या टीमने पेशंटला हात न लावता ऐकायचं, ते तुम्हालाच तुमच्या लोकांना शिकवावं लागेल.

हे जमलं की मग विचार करा प्रत्येक कॉलला डॉक्टर गाडीत लागतो का. बऱ्याचदा नाही लागत, चांगला ईएमटी आणि फोनवर चांगला डॉक्टर पुरतो. डॉक्टर व्हेंटिलेटरवाल्या, पंपवाल्या, अनस्टेबल ट्रान्सफरला ठेवा.

आणि दर आठवड्याला एक तास कॉलचे कागद घेऊन बसा, ड्रायव्हरसकट. ड्रायव्हरला बोलावलं नाही तर तुम्हाला कधीच कळणार नाही की गाडी सोसायटीच्या गेटवर सात मिनिटं उभी होती कारण वॉचमन चावी घेऊन जेवायला गेला होता.

कोर्स करवायचाच असेल तर पीएचटीएलएस किंवा आयटीएलएस, दोन्ही प्री-हॉस्पिटल ट्रॉमासाठीच बनलेले आहेत, आणि शक्यतो डॉक्टर आणि ईएमटी एकाच बॅचला पाठवा, वेगवेगळे पाठवले की परत आल्यावर दोघं दोन भाषा बोलतात. ट्रान्सफरसाठी तुमच्याच आयसीयूत दोन आठवडे व्हेंटिलेटर आणि पंपवर पोस्टिंग द्या, ते कोणत्याही कोर्सपेक्षा भारी.

मॅनेजमेंटला काय मागायचं: दोन्ही गाड्यांना पोर्टेबल कॅप्नोग्राफ, उतरवायची खुर्ची, तोच ड्रायव्हर तोच ईएमटी किमान सहा महिने न बदलता, आणि आठवड्याचा तो एक तास ड्युटीत मोजलेला. पैसे कमी पडले तर दुसरा व्हेंटिलेटर पुढे ढकला, कॅप्नोग्राफ ढकलू नका. महिन्याची मुदत मात्र मान्य करू नका, तीन महिने मागा, दोनवर तुटेल.

तुमच्याकडे ट्रान्सफर किती आणि थेट घरून किंवा रस्त्यावरून येणारे कॉल किती, ते गेल्या काही महिन्यांच्या रजिस्टरमधून काढून इथे टाका. मग चौघांचा रोस्टर कसा लावायचा ते बोलू, कारण रात्री दोघं बाहेर असताना फोनवर कोण बसणार हा पुढचा प्रश्न येणारच आहे.